समुद्राखालील धक्का

भिवंडी तालुक्यातील काल्हेर-कशेळीच्या खाडीत होडी काठाला लावताना ती प्रवाहाला तोंड देऊन आणणे हिताचे ठरते. होडी संथपणे पुढे सरकते. परंतु सुकाणूवरून पाणी वेगाने वाहत राहिल्याने तिच्यावरील ताबा सुटत नाही. समुद्राखाली स्वतःच्या बुद्धीने संचार करणाऱ्या यंत्रयानासही हाच नियम लागू पडतो.

गोव्यात दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने 'माया' हे असे यान विकसित केले. सुमारे 55 किलोग्रॅम वजनाचे हे यान 200 मीटर खोलीपर्यंत जाऊन पाण्याची मोजमापे घेऊ शकते. तथापि, अशा छोट्या यानांची बॅटरी काही तासांतच संपते आणि खवळलेल्या समुद्रातून यान जहाजावर उचलून घेणे धोक्याचे असते. ऐन पावसाळ्यात, अरबी समुद्राची माहिती सर्वाधिक हवी असते तेव्हाच, ही अडचण भेडसावते. पाण्याखालीच धक्का उभारणे, हा त्यावरील एक उपाय होय.

खाऱ्या पाण्यात रेडिओलहरी लवकर विरतात. म्हणून धक्का यानास ध्वनीने साद घालतो. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे 1500 मीटर जातो. अगदी जवळ आल्यावर दिवे दिशा दाखवितात व नरसाळ्यासारखे तोंड यानाची किरकोळ चूक सावरून घेते. आत शिरल्यावर उघड्या तारा न जोडता चुंबकीय प्रवर्तनाने बॅटरी भरता येते. नेम चुकलाच, तर यानाने वळून पुन्हा प्रयत्न करावयाचा. मात्र तेवढी वीज त्याने राखून ठेवलेली असली पाहिजे. खोल जाण्यापेक्षा सुखरूप परतण्यातच यानाची खरी कसोटी आहे.