ब्रिजमधील स्क्वीझ आणि त्याचे पूर्वनियोजन

कॉन्ट्रॅक्ट ब्रिजमध्ये कराराला एक हात कमी पडत असताना प्रतिस्पर्ध्याला उपयुक्त पान टाकण्यास भाग पाडणे, यास स्क्वीझ असे म्हणतात. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे गणिताचे प्राध्यापक क्लाइड लव्ह यांनी १९५९ च्या आपल्या ग्रंथात या तंत्राची पद्धतशीर मांडणी केली.

समजा, बिनहुकमी डावात प्रत्येकाकडे तीन पाने उरली आहेत. डमीकडे इस्पिकचा एक्का, गुलाम व चौकटची दुर्री. डिक्लेररकडे इस्पिकची तिर्री, बदामची राणी व किलवरचा एक्का आहे. इस्पिकचे राजा-राणी व बदामचा राजा एकाच प्रतिस्पर्ध्याकडे आहेत. बदामचा एक्का पूर्वीच गेला आहे. डिक्लेरर किलवरचा एक्का खेळतो व डमीतून चौकट टाकतो. प्रतिस्पर्ध्याने बदामचा राजा सोडल्यास राणी मोठी ठरते. इस्पिक सोडल्यास एक्क्यापाठोपाठ गुलामही हात करतो. दोन निश्चित हातांचे तीन होतात.

येथे प्रतिस्पर्ध्याकडे निरुपयोगी पान नसणे निर्णायक ठरते. म्हणून उरलेल्या हातांपैकी एक वगळता सर्व डिक्लेररचे निश्चित असावे लागतात. तीन बिनहुकमीत आठच हात निश्चित असतील, तर गमावता येण्याजोगे चार हात प्रथम द्यावे लागतात. मात्र त्या दरम्यान प्रतिस्पर्ध्यांना पाचवा हात घेता येणार नाही, याची खात्री आवश्यक असते.

तात्पर्य, स्क्वीझ अखेरीस घडतो, परंतु त्याचे नियोजन डमीची पाने उघडताच सुरू व्हावे लागते.