डगमगणे आणि कलंडणे : गोड्या पाण्यातील लहान जुन्या नावेची निवड

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील नद्या, तळी आणि धरणांचे जलाशय ह्यांवर उन्हाळ्यात गळाने मासे धरणे आणि शरद ऋतूपासून हिवाळ्यापर्यंत रानबदकांची शिकार करणे हे छंद फार मोठ्या प्रमाणावर चालतात. ह्या दोन्ही कामांसाठी बहुधा एकच नाव वापरली जाते. ती दहा ते सोळा फूट लांब, उघडी, बहुशः अॅल्युमिनियमची असते आणि पुष्कळदा दुसऱ्याच्या हातून विकत घेतलेली असते. अशा नावेची निवड हा वरवर पाहता किरकोळ व्यवहाराचा प्रश्न वाटतो. परंतु तेथील तटरक्षक दलाच्या नोंदीनुसार २०२३ साली मनोरंजनासाठी वापरल्या जाणाऱ्या नौकांच्या अपघातांत ५६४ माणसे मृत्यू पावली. मृत्यूचे कारण निश्चित झालेल्यांपैकी पाऊणशे टक्के बुडून मेली, आणि त्या बुडालेल्यांपैकी ८७ टक्क्यांच्या अंगावर प्राणरक्षक जाकीट नव्हते. बुडालेल्यांपैकी बहुसंख्य एकवीस फुटांहून कमी लांबीच्या नौकांत होते. सारांश, जेथे धोका कमी भासतो तेथेच तो अधिक आहे.

ह्या भासाचे एक कारण शब्दात आहे. ‘नाव स्टेबल आहे ना?’ असा प्रश्न ग्राहक विचारतो, आणि विक्रेता प्रामाणिकपणे ‘होय’ म्हणतो. इंग्रजीतील ह्या एका विशेषणात दोन निराळे गुण सामावलेले आहेत. मराठीत मात्र त्यांच्यासाठी दोन स्वतंत्र क्रियापदे आहेत : डगमगणे आणि कलंडणे. जी नाव डगमगत नाही ती कलंडत नाही असे नव्हे. किंबहुना लहान नावांच्या बाबतीत पुष्कळदा ह्याच्या उलट अनुभव येतो. हा भेद ध्यानात घेतला म्हणजे जुनी नाव निवडण्याचे बहुतेक नियम त्यातूनच निष्पन्न होतात.

१. सपाट बुडाची नाव आणि तिचे मूळ पाणी

ह्या वर्गातील सर्वांत प्रचलित नाव म्हणजे ‘जॉन बोट’. तिचे बूड सपाट, बाजू ठेंगण्या आणि पुढचे टोक निमुळते न होता चौकोनी कापल्यासारखे असते. मिसूरी आणि आर्कान्सॉ राज्यांतील ओझार्क डोंगराळ प्रदेशाशी तिचा निकटचा संबंध आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जेम्स नदीकाठच्या गलीना गावापासून व्हाइट नदीकाठच्या ब्रॅन्सनपर्यंत प्रवाहाबरोबर वाहत जात मासेमारी करण्याच्या सफरी प्रसिद्ध होत्या. त्यांसाठी फळ्यांच्या लांबट, अरुंद, सपाट बुडाच्या नावा वापरीत. पाणी उथळ, तळ खडकाळ आणि लाटा जवळजवळ नाहीत, अशा परिस्थितीस हा आकार पूर्णपणे अनुरूप होता. बूड सपाट असल्यामुळे नाव वीतभर पाण्यातही तरंगे, आणि बाजू ठेंगण्या असल्यामुळे बसल्या जागेवरून मासा आत घेता येई.

पुढे व्हाइट नदीवर बुल शोल्स (१९५१) आणि टेबल रॉक (१९५८) ही मोठी धरणे पूर्ण झाली व त्या सफरींच्या मार्गाचा मोठा भाग जलाशयाखाली गेला. उथळ प्रवाहाच्या जागी रुंद, खोल पाणी आले. त्यावरून वारा मैलच्या मैल अडथळ्यावाचून वाहू लागला आणि लाटा उठू लागल्या. पाणी बदलले, नावेचा आकार मात्र तोच राहिला. दुसऱ्या महायुद्धानंतर लाकडाची जागा अॅल्युमिनियमने घेतली, आणि तीच सपाट बुडाची नाव आता धातूची, हलकी व स्वस्त होऊन देशभर पसरली. म्हणून जुनी नाव पाहताना पहिला प्रश्न ‘केवढ्याला?’ हा नसून ‘कोणत्या पाण्यासाठी?’ हा असावयास पाहिजे.

२. दोन गुणांचा विचार

तरंगणाऱ्या नावेवर दोन बले कार्य करतात. नाव, माणसे आणि सामान ह्यांचे एकत्रित वजन गुरुत्वमध्यातून खाली ओढते. बाजूस सारलेल्या पाण्याचे उत्प्लावक बल वर ढकलते. नाव एका बाजूस कलली की त्या बाजूचा अधिक भाग पाण्यात जातो आणि वर ढकलणाऱ्या बलाचा मध्यही त्याच बाजूस सरकतो. त्यामुळे नाव पुन्हा सरळ होऊ पाहते. सपाट व रुंद बुडाच्या नावेत हे सरकणे जलद होते. म्हणून ती थोड्याशा हालचालीने डगमगत नाही आणि आत पाऊल ठेवताच माणसास विश्वास वाटतो.

हा गुण मुख्यतः रुंदीवर अवलंबून असतो, आणि तो रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. लांबी सारखीच असता ३६ इंच रुंदीच्या बुडाऐवजी ४८ इंच रुंदीचे बूड घेतले, तर रुंदी एकतृतीयांशाने वाढते. पण कलण्यास होणारा विरोध सुमारे २.४ पट होतो. अमेरिकन बाजारात ह्या नावा ‘१४३६’, ‘१४४८’ अशा अंकांनी ओळखल्या जातात. त्यांतील पहिले दोन अंक फुटांतील लांबी आणि शेवटचे दोन अंक बुडाची इंचांतील रुंदी दर्शवितात. नवखा ग्राहक पहिल्या दोन अंकांकडे पाहतो. जाणता ग्राहक शेवटच्या दोहोंकडे पाहतो.

परंतु हा विरोध एका मर्यादेपर्यंतच टिकतो. काठ पाण्याला टेकला की पाणी आत शिरते, आणि तेथून पुढे सरळ होण्याची शक्ती वाढण्याऐवजी झपाट्याने नाहीशी होते. ठेंगण्या बाजूंच्या सपाट नावेत ही मर्यादा लवकर येते आणि बहुधा पूर्वसूचनेवाचून येते. आत आलेले पाणी स्वस्थ राहत नाही. बारा फूट लांब व तीन फूट रुंद बुडावर एक इंच पाणी साचले तर ते तीन घनफूट, म्हणजे सुमारे १८७ पौंड किंवा ८५ किलो भरते. जणू एक धडधाकट मनुष्य नावेत आला आहे आणि नाव ज्या बाजूस कलेल त्याच बाजूस तो धावतो आहे.

ह्याउलट ज्या नावेचे बूड आडव्या छेदात इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखे असते आणि काठ उंच असतात, ती पाय ठेवताच थोडी झुकते. ग्राहकाला ते आवडत नाही. परंतु तिचे पुढचे टोक लाट कापते, आणि बरेच कलल्यावरही काठ पाण्याच्या वर राहतो. ती डगमगते, पण सहज कलंडत नाही. तिचे उणे असे की तिला पाणी अधिक खोल लागते. पाणवनस्पतींनी भरलेल्या दलदलीत, जेथे बदके उतरतात, तेथे ती अडकते. यास्तव अरुंद नदी, ओढा व दलदल ह्यांसाठी सपाट बूड, आणि वाऱ्याच्या मोठ्या जलाशयासाठी उंच काठाचे ‘व्ही’ बूड, हा साधारण नियम समजावा. दोन्ही पाण्यांवर जावयाचे असेल तर निवड अधिक धोकादायक पाण्याकडे पाहून करावी.

३. भाराचा हिशेब

अमेरिकेत १९७१ च्या नौकासुरक्षा कायद्यान्वये झालेल्या नियमांनुसार, नोव्हेंबर १९७२ पासून बांधलेल्या वीस फुटांहून लहान मोटरच्या नावांवर क्षमतेची पट्टी लावलेली असते. कनू, कयाक आणि शिडाच्या होड्या ह्यांतून वगळलेल्या आहेत. ह्या पट्टीवर माणसांची संख्या, एकूण वजन आणि मोटरची कमाल अश्वशक्ती दिलेली असते. त्याहून जुन्या नावेवर पट्टी नसल्यास फुटांतील लांबी व रुंदी ह्यांचा गुणाकार करून त्यास पंधराने भागण्याची रीत आहे. चौदा फूट लांब आणि पाच फूट रुंद नावेसाठी हे उत्तर ४.६७ येते, म्हणजे चार माणसे. हा आकडा शांत हवेतला आहे.

शिकाऱ्याचा भार मात्र माणसांच्या संख्येवरून कळत नाही. दोन शिकारी, एक कुत्रा, पाण्यावर तरंगत ठेवावयाची दोन-तीन डझन खोटी बदके व त्यांची वजने, बंदुका, मोटर, इंधन, विजेची बॅटरी आणि लपण्यासाठी गवताचा वा कापडाचा आडोसा एवढे सर्व त्या लहान नावेत येते. आडोशामुळे वाऱ्यास पृष्ठभाग मिळतो. कुत्रा पाण्यातून परत येतो तो एकाच काठावरून. नेम धरताना शिकारी उभा राहिला की गुरुत्वमध्य वर जातो, आणि बंदुकीचा धक्का आडवा बसतो. मासेमारी करणाराही जाळीने मासा उचलताना काठावर वाकतो, परंतु तो बहुधा उबदार पाण्यावर असतो. शिकारीच्या हंगामातील थंड पाण्यात पडताच श्वास अनावर होतो आणि काही मिनिटांत हातपाय काम देईनासे होतात. म्हणून शिकारीसाठी घ्यावयाच्या नावेत काठाची उंची व रुंदी ह्यांचा राखीव वाटा अधिक असला पाहिजे.

४. ‘सुधारलेली’ जुनी नाव

जुन्या नावेच्या परीक्षेत गंज आणि पोचे ह्यांपेक्षा आधीच्या मालकाने केलेल्या सुधारणांकडे अधिक लक्ष द्यावे. सपाट बुडाच्या नावेतील आडव्या बाकांत पुष्कळदा फेस-द्रव्य भरलेले असते. नावेत पाणी भरले तरी तिने तरंगत राहावे हा त्याचा हेतू. दोन अश्वशक्तींहून अधिक क्षमतेच्या बाह्य मोटरसाठी बांधलेली वीस फुटांखालील नाव पाण्याने भरल्यावरही समपातळीत तरंगली पाहिजे, असा अमेरिकेत १९७८ पासून नियम आहे. चालण्यास मोकळी जागा व्हावी म्हणून मधले बाक कापून काढले की हे तरंगण्याचे साधन जाते आणि दोन्ही बाजूंना ताठ ठेवणारा आधारही जातो. त्याच्या जागी उभे राहून गळ टाकण्यासाठी उंच तक्तपोशी केली की गुरुत्वमध्य वर चढतो. अशी नाव देखणी दिसते आणि किंमतही जास्त येते. पण पट्टीवरील आकडा तिला लागू राहत नाही, कारण तो मूळ नावेचा आहे.

उरलेली परीक्षा क्रमाने अशी करता येते :

(अ) मोटर जिच्यावर अडकवितात ती मागची उभी बाजू पाहावी. तिच्या आत बहुधा प्लायवूड असते आणि बोल्टांच्या छिद्रांतून पाणी शिरून ते कुजते. लाकडी मुठीने ठोकल्यास बद्द आवाज येतो. मोटर वरखाली हलविल्यास ती बाजूही हलते.

(आ) नाव गाडीवर असतानाच तिच्या आत थोडे पाणी ओतून बाहेरून रिव्हिटांच्या ओळी पाहाव्यात. जेथून थेंब गळतो तेथे खूण करावी. दोन-चार गळके रिव्हिट दुरुस्त होतात. जोडाच्या बाजूने गेलेली चीर गंभीर समजावी.

(इ) तांब्याचा अंश असलेला रंग किंवा तसे द्रव्य मुरविलेले लाकूड अॅल्युमिनियमला लागून असेल, तर ओलाव्यात धातू खाल्ला जातो. तळाच्या फळ्या उचलून पाहिल्यावाचून हे कळत नाही.

(ई) नाव तोलून तिचे वजन कारखान्याने दिलेल्या वजनाशी ताडून पाहावे. वाढलेले वजन म्हणजे बहुधा बाकांतील फेस-द्रव्याने शोषलेले पाणी.

(उ) मागील बाजूच्या उजव्या कोपऱ्यात कोरलेला बारा अक्षरांचा ओळखक्रमांक मालकीच्या कागदांशी जुळवावा. तो खरवडलेला असल्यास व्यवहार तेथेच थांबवावा.

शेवटची परीक्षा पाण्यात करावयाची. कमरेइतक्या पाण्यात, किनाऱ्याजवळ, प्राणरक्षक जाकीट घालून, जेवढा भार न्यावयाचा तेवढा नावेत ठेवावा आणि काठ पाण्याच्या किती वर आहे ते मोजावे. मग एका माणसाने एका बाजूस सरकावे आणि पुन्हा मोजावे. वर सांगितलेल्या बारा बाय तीन फुटांच्या बुडावर १८७ पौंड मध्यभागी ठेवले तर नाव सुमारे इंचभर दबते; तोच भार काठाशी गेला तर ती बाजू कित्येक इंच दबते. ह्या दोन मापांतील फरक विक्रेत्याच्या कोणत्याही विशेषणापेक्षा अधिक बोलका असतो.

५. विधी आणि आपल्याकडील संदर्भ

नावेतून होणाऱ्या शिकारीवर अमेरिकेत निर्बंध आहेत. स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांविषयीच्या संघीय नियमांनुसार मोटरच्या नावेतून बदकांवर गोळी झाडावयाची तर मोटर पूर्ण बंद झालेली असावी लागते आणि तिच्या जोराने होणारी गतीही थांबलेली असावी लागते. स्थिर पाण्यावर थांबलेली नाव लाटेस आडवी होते, हेही निवडताना लक्षात ठेवावयास हवे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमामुळे रानबदकांच्या शिकारीचा प्रश्न उद्भवत नाही. तथापि मासेमारी आणि पक्षिनिरीक्षण ह्यांसाठी लहान नावा आपल्या जलाशयांवरही हिंडतात. भीमेवरील उजनीच्या जलाशयात २१ मे २०२४ रोजी वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटून सहा जण बुडाले. ती मासेमारीची नाव नव्हती. परंतु नदीचा जलाशय झाला म्हणजे वाऱ्याला किती मोकळीक मिळते, हे त्या दुर्घटनेने दाखविले. ओझार्कमधील नदीच्या नावेपुढे उभा राहिलेला प्रश्न तोच आहे.

लहान नाव घेणाऱ्याने ‘डगमगते का?’ हा प्रश्न अवश्य विचारावा. त्याचे उत्तर धक्क्यावर उभ्या उभ्या मिळते. ‘किती भाराने, कोणत्या पाण्यात, किती कलल्यावर कलंडते?’ ह्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र मोजपट्टी, तराजू आणि उथळ पाण्यातील अर्ध्या तासाची परीक्षा ह्यांवाचून मिळत नाही. पहिल्या प्रश्नाने नाव पसंत पडते. दुसऱ्याने ती घ्यावी की नाही हे ठरते.