जागा कोणी अडवली?

डिस्क भरली म्हणून संगणक लगेच बंद पडतो असे नाही. आधी तो विचित्र वागू लागतो. आलेली ई-मेल साठवली जात नाही, डेटाबेस नवी नोंद घेत नाही. अशा वेळी दिसेल ते पुसून टाकावे असा मोह होतो. पण युनिक्सच्या कमांड लाइनवर पुसलेले परत आणून देणारी कचरापेटी नसते. म्हणून आधी मोजा, मग पुसा, असे मी नेहमी सांगतो.

मोजणीची दोन साधने युनिक्समध्ये अगदी आरंभापासून आहेत. नोव्हेंबर १९७१मध्ये बेल लॅब्जमध्ये तयार झालेल्या युनिक्सच्या पहिल्या माहितीपुस्तिकेत ‘डीएफ’ आणि ‘डीयू’ या दोन्ही आज्ञा सापडतात. लिनक्स आणि मॅकवर त्या आजही चालतात.

दोघींचे काम वेगळे आहे. ‘डीएफ’ डिस्कच्या हिशेबवहीतली शिल्लक वाचते, म्हणून क्षणात उत्तर देते. ‘डीयू’ मात्र एकेका डिरेक्टरीत जाऊन तिथल्या प्रत्येक फाइलने अडवलेली जागा मिळवत जाते, म्हणून तिला वेळ लागतो.

प्रथम ‘डीएफ -एच’ द्यावी. कोणता विभाग भरला ते कळते. ‘एच’मुळे आकडे मेगाबाइट, गिगाबाइटमध्ये येतात. मग त्या विभागात जाऊन ‘डीयू -एक्सएच -डी १’ द्यावी. ‘डी १’ म्हणजे फक्त एका पातळीपर्यंतची बेरीज दाखव. ‘एक्स’ म्हणजे दुसऱ्या डिस्कवर जाऊ नकोस. पुढे उभी रेघ देऊन ‘सॉर्ट -एच’ जोडले की सर्वांत मोठी डिरेक्टरी यादीच्या तळाशी येते. तिच्यात शिरून हेच पुन्हा करावे. तीन-चार पायऱ्यांत मूळ सापडते. बहुधा त्या जुन्या लॉग फाइली किंवा विसरलेले बॅकअप असतात. हे काम रूटच्या अधिकाराने करावे, नाहीतर बंद डिरेक्टऱ्या मोजणीतून सुटतात.

इथे एक शंका हमखास येते. फाइलमध्ये एकच अक्षर असताना ‘डीयू’ चार किलोबाइट का सांगते? कारण डिस्कवरची जागा ठोकळ्यांनी दिली जाते, आणि बऱ्याच ठिकाणी एक ठोकळा ४०९६ बाइटचा असतो. अशा दहा हजार फाइलींतला मजकूर जेमतेम दहा किलोबाइट भरेल, पण त्या सुमारे चाळीस मेगाबाइट जागा अडवतील.

याहून बुचकळ्यात टाकणारा प्रकार म्हणजे ‘डीएफ’ म्हणते डिस्क पूर्ण भरली आणि ‘डीयू’ची बेरीज निम्मीही होत नाही. दोघीही खरे बोलत असतात. युनिक्समध्ये फाइल पुसली की तिचे नाव जाते; पण एखाद्या प्रोग्रॅमने ती उघडी धरली असेल तर मजकूर डिस्कवर तसाच राहतो. ‘डीयू’ नावांच्या मागाने फिरते, त्यामुळे निनावी फाइल तिला दिसत नाही. ‘डीएफ’च्या वहीत मात्र ती जागा खर्ची पडलेली असते. घाबरून चालू लॉग फाइल पुसणाऱ्याला म्हणूनच एक बाइटही परत मिळत नाही. ‘एलएसओएफ +एल१’ ही आज्ञा अशा फाइली आणि त्या धरून बसलेले प्रोग्रॅम दाखवते. तो प्रोग्रॅम बंद करून पुन्हा सुरू केला की जागा मोकळी होते.

शेवटी एक सुचवतो. महिन्यातून एकदा ‘डीयू’चे आकडे एका फाइलमध्ये तारखेसह लिहून ठेवा. डिस्क भरेल त्या रात्री, कोणती डिरेक्टरी कधीपासून वाढते आहे, हे शोधत बसावे लागणार नाही.