दंतधावनाचा उपदेश आणि मिश्रीचा पादांशिक त्याग

दिनचर्येमध्ये दंतधावनास शास्त्रकारांनी अग्रस्थान दिलेले आहे. सुश्रुताचार्यांनी १२ अंगुळे लांब, करंगळीइतके जाड, सरळ व गाठी नसलेले काष्ठ सांगितले असून तिक्त द्रव्यांत निंब, कषायांत खदिर, मधुरांत मधूक व कटु द्रव्यांत करंज श्रेष्ठ मानला आहे. चरकाचार्य दिवसातून दोन वेळा दंतधावन सांगतात आणि हिरड्यांना इजा होऊ नये, असा स्पष्ट निर्देश करतात. मऊ ब्रशने दोन वेळा, दोन मिनिटे, हलक्या हाताने दात घासावेत, हा आजच्या दंतवैद्यांचा सल्लाही याच दिशेचा आहे.

विधी सर्वांस ठाऊक आहे. प्रश्न तो रुग्णाच्या अंगवळणी पाडण्याचा आहे. पेण व रोहा परिसरात या मार्गातील मोठा अडसर म्हणजे मिश्री. तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखूची ही पूड अनेक स्त्रिया दात घासण्याच्या निमित्ताने लावतात. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील सुमारे २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखूचे सेवन करीत असल्याचे आढळले. दंतमंजनात व टूथपेस्टमध्ये तंबाखू वापरण्यास केंद्र शासनाने १९९२ मध्ये बंदी घातली. परंतु घरच्या तव्यावरील मिश्रीपर्यंत हा नियम पोहोचत नाही. तेथे वैद्याचा शब्दच पोहोचू शकतो.

मिश्री लावणाऱ्या स्त्रीस आपण व्यसनी आहोत असे वाटत नाही. ती दात स्वच्छ करीत असते. म्हणून "कर्करोग होईल" एवढाच धाक घातल्यास ती मान डोलावते आणि पुढील वेळी मिश्री लपविते. रुग्णाविषयी मैत्री व कारुण्य ही वैद्यवृत्तीची अंगे चरकाचार्यांनी सांगितली आहेत. त्यांचा प्रत्यक्ष उपयोग असा करावा :

१) प्रथम विचारावे. "मावशी, दात कशाने घासता? दिवसातून किती वेळा? मिश्री लावल्यावर बरे कसे वाटते?" उत्तर ऐकून घ्यावे. सकाळचे शौच, दाढदुखी, कामाचा शीण यांपैकी खरे कारण कळल्याशिवाय उपाय ठरत नाही. मलावष्टंभ हे कारण असल्यास त्याची चिकित्सा आधी करावी.

२) हातात आरसा द्यावा. हिरडीवरील काळसर थर व उघडे पडलेले दंतमूल तिला स्वतःस पाहू द्यावे. दोष देणारा शब्द वापरू नये.

३) करून दाखवावे व करवून घ्यावे. ब्रश हिरडीच्या कडेशी तिरका धरून लहान फेऱ्यांनी फिरवावा. मग म्हणावे, "आता तुम्ही दाखवा, मी नीट सांगितले की नाही ते मला कळू द्या."

४) पादांशिक क्रम योजावा. अहिताचा त्याग व हिताचा स्वीकार एकेका पादाने, मध्ये अंतर ठेवून करावा, हे चरकाचार्यांचे मार्गदर्शन येथे तंतोतंत लागू पडते. दिवसातून चार वेळा मिश्री लावणाऱ्या स्त्रीने प्रथम एक वेळ सोडावी व त्या वेळी त्रिफळा किंवा खदिराचे वस्त्रगाळ चूर्ण हलकेच लावावे. ती वेळ सुटली की दुसरी. कोणती वेळ आधी सोडायची, हे तिनेच ठरवावे.

५) पुढील भेटीत जमलेल्या भागाचे प्रथम कौतुक करावे. खंड पडला असल्यास कारण विचारावे, जाब विचारू नये.

उपदेश रुग्णाच्या दिनक्रमास धरून असावा. पेणच्या गणपती कारखान्यांतील कारागिरांस रात्री काम संपल्यावर, धाटावच्या कामगारांस पाळीनुसार झोपण्यापूर्वी, अशी वेळ नेमून द्यावी. खैरापासून कात काढणे हा कातकरी समाजाचा परंपरागत व्यवसाय. त्यांच्या नावाचा संबंधही त्याच्याशी जोडला जातो. अशा रुग्णांस खदिराचे महत्त्व सांगताना त्यांच्याच परंपरेचा मान राखला जातो.

औषध विक्रेत्यांचा वाटाही मोठा आहे. कडक ब्रशऐवजी मऊ ब्रश पुढे करावा, भरड मंजन देऊ नये, दाढदुखीच्या गोळ्या वरचेवर मागणाऱ्यास तोंड तपासून घेण्यास सांगावे. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ हा निःशुल्क राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक दुकानात ठळकपणे लावावा.

एक दक्षता अत्यावश्यक आहे. दोन आठवड्यांत न भरणारा व्रण, पांढरा वा लाल चट्टा, तोंड कमी उघडणे, मानेतील गाठ यांपैकी काहीही दिसल्यास गंडूष-प्रतिसारणात कालापव्यय न करता रुग्णास अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात किंवा मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात पाठवावे. मुखपाक, ज्वर, कास, श्वास, अर्दित इत्यादींत वाग्भटाचार्यांनी दंतकाष्ठ निषिद्ध मानले आहे. तेथे कवलाचा आश्रय घ्यावा.

ज्या स्त्रीने आज एक वेळची मिश्री सोडली, तिच्या घरातील मुलगी तो तवा पाहतच मोठी होत असते. म्हणून प्रत्येक रुग्णाच्या तपासणीत "दात कशाने घासता?" हा प्रश्न सर्व वैद्यबंधुभगिनींनी नाडीपरीक्षेइतक्याच नियमाने विचारावा, अशी आमची विनंती आहे.