काट्याच्या जागी आकडा

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही परभणीकरांची लाडकी बढाई. ती कुणी सुरू केली यावर टपरीवर दर वेळी नवा निकाल लागतो. मोटारसायकलच्या मीटरपुरती मात्र ती शब्दशः घ्यायला हरकत नाही. हँडलमागच्या गोल काचेत जो काटा हलतो, त्याची युक्ती ऑटो शुल्झ या जर्मन माणसाची. त्यानं १९०२ मध्ये तिचं पेटंट घेतलं. तो स्ट्रासबर्गचा, ते शहर तेव्हा जर्मनीत होतं, आज फ्रान्समध्ये आहे. शुल्झचा काटा सव्वाशे वर्षं टिकला. आता तो काढून त्या जागी आकड्यांचा पडदा बसवायची हौस परभणीच्या, म्हणजे एमएच-२२ पासिंगच्या जुन्या गाड्यांपर्यंत येऊन पोचली आहे.

जुनी गाडी म्हटलं की आपल्याकडे आधी स्प्लेंडरच डोळ्यांपुढे येते. हिरो होंडानं ती १९९४ मध्ये बाजारात आणली. तेव्हापासून दुधाच्या कॅन, खताच्या पिशव्या, तिसरा माणूस आणि मांडीवरचं पोरगं असं सगळं तिनं वाहिलं. या सगळ्यात पहिल्यांदा मान टाकतो तो मीटर. पुढच्या चाकाच्या हबमधली गरारी झिजते, नाहीतर मीटरची वायर ग्रीस सुकून आतल्या आत तुटते. काटा आधी थरथरतो, मग शून्यावर आडवा पडतो. गाडी चालायची थांबत नाही, म्हणून कुणी दुरुस्त करत नाही. सेकंडहँड गाडी बघायला गेलं की मालक स्वतःच सांगतो, ‘मीटर बंदच आहे, पण गाडी एक नंबर आहे.’

मग २०२२ साली हिरोनं स्प्लेंडर प्लस एक्सटेक आणली. गाडी तीच, तोच ९७.२ सीसीचा घाट, पण मीटर पूर्ण डिजिटल. ब्लूटूथनं मोबाइल जोडला की फोन कुणाचा आला तेही त्यावर दिसतं. शेजाऱ्याच्या ओट्यावर ती उभी राहिली की पंधरा वर्षांच्या स्प्लेंडरवाल्याला वाटणारच: गाडी तर माझीही तीच आहे, मग हा मीटर माझ्या गाडीला का नको? बसतो का? बसतो. पण काय बसतं आणि काय नुसतं दिसतं, हे समजून घ्यायचं तर आधी जुन्या मीटरच्या पोटात डोकवायला हवं.

जुन्या मीटरला वीज लागतच नाही. चाक फिरतं, हबमधली गरारी फिरते, तिच्यात अडकलेली चौकोनी टोकाची लवचिक तार फिरते आणि मीटरमधला छोटा लोहचुंबक गरगरतो. चुंबकावर अल्युमिनियमची वाटी असते. दोघांचा स्पर्श होत नाही. पण फिरत्या चुंबकामुळे वाटीत विजेचे बारीक प्रवाह उठतात, त्यांचं स्वतःचं चुंबकत्व तयार होतं आणि वाटी चुंबकामागे ओढली जाते. केसासारखी स्प्रिंग तिला मागे खेचते. या ओढाताणीत वाटी जिथे थांबते, तिथे काटा थांबतो. वेग दुप्पट झाला की ओढ दुप्पट. त्याच तारेवरच्या दुसऱ्या दातेरी चाकांनी किलोमीटरचे आकडे पुढे सरकतात आणि ९९,९९९ झाले की पुन्हा शून्यावर येतात. हिशेब नाही, आठवण नाही, बॅटरी नाही. चाक जितकं फिरलं तितकंच मीटर बोलणार.

डिजिटल मीटरला चाकाचं काहीच ठाऊक नसतं. त्याला कुणीतरी सांगावं लागतं. चाकावर एक चुंबक आणि फोर्कवर एक सेन्सर, किंवा जुन्या तारेच्या जागी फिरण्याचे ठोके करून देणारा तुकडा. ठोका आला की मीटर मोजतो: एका फेऱ्यात चाक किती अंतर कापतं, सेकंदाला फेरे किती. स्प्लेंडरच्या १८ इंची चाकाचा घेर साधारण १.८७ मीटर. म्हणजे किलोमीटरला ५३५ च्या आसपास फेरे, आणि ताशी ६० ला सेकंदाला जवळपास ९. बाजारात मिळणाऱ्या ‘युनिव्हर्सल’ मीटरला हा घेर आणि चुंबकांची संख्या आपल्याला भरून द्यावी लागते. घेर चुकला की वेगही चुकला आणि किलोमीटरही. टायर मोठं टाकलं की पुन्हा तेच. पडदा बसवणं हे स्क्रू-पाना चालवणाऱ्या कुणालाही जमतं. पडद्याला खरी बातमी मिळेल अशी सोय करणं, हा खरा कामाचा भाग. चांगला वायरिंगवाला आणि हौशी पोरगा यांच्यातला फरक इथेच कळतो.

पहिली अडचण विजेची. जुन्या स्प्लेंडरचा हेडलाइट मॅग्नेटच्या कॉइलवरून थेट एसीवर चालतो. रेस दिली की उजेड वाढतो, सोडली की मंदावतो, हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे. मीटरमधला दिवाही त्याच वायरवर. इंजिनाची ठिणगीसुद्धा त्याच मॅग्नेटमधून निघते, त्यामुळे बॅटरी मेलेली गाडी किक मारून वर्षानुवर्षं चालवता येते आणि आपल्याकडे चालवतातही. डिजिटल मीटरला हे चालत नाही. त्याला १२ व्होल्टचा स्थिर डीसी लागतो. मीटरच्या दिव्याची जुनी वायर समोर दिसते म्हणून त्यावरच नवा मीटर जोडला, तर पडदा लुकलुकतो, मध्येच बंद होतो, कधी कायमचा जातो. म्हणून वायर चावीच्या स्विचनंतरच्या बॅटरीच्या लाइनवरून घ्यायची, मध्ये फ्यूज टाकायचा आणि अर्थ चेसीवर रंग खरवडून पक्की करायची. आणि मुळात आधी बॅटरी नवी घ्यायची. मीटर बसवायला आलेल्या गिऱ्हाइकाला हा खर्च सांगितला की त्याचा चेहरा पडतो.

दुसरी अडचण टाकीची. टाकीतला फ्लोट वर-खाली होतो तसा त्याच्या हाताला जोडलेला विद्युतरोध बदलतो. जुना काटा त्या रोधाशी जुळवलेला, नवा मीटर दुसऱ्या. दोन्ही न जुळवता जोडले की टाकी रिकामी असताना पडदा भरलेली दाखवतो, किंवा उलटं. मग मल्टीमीटर लावून फ्लोट पूर्ण खाली आणि पूर्ण वर असताना रोध मोजावा लागतो. जुळत नसेल तर नव्या गाडीचा फ्लोटच घालायचा. टाकीत त्याची जागाही जुळायला हवी, नाहीतर तो प्रश्न वेगळाच. त्यातून एक बारीक गोष्ट. पेट्रोलचे जुने काटे मुद्दाम सुस्त असतात. टाकीत पेट्रोल हिंदकळलं तरी ते जागचे हलत नाहीत. स्वस्त डिजिटल मीटरमध्ये ही सुस्ती आकडेमोडीनं आणलेली नसेल, तर खड्ड्यांच्या रस्त्यावर पेट्रोलच्या दांड्या दर मिनिटाला चढतात-उतरतात.

तिसरी गोष्ट अडचण नव्हे, अशक्यच. एक्सटेकचा मीटर चालू मायलेज दाखवतो. १ एप्रिल २०२० पासून धुराचे भारत स्टेज ६ निकष लागू झाले आणि स्प्लेंडरसकट बहुतेक छोट्या गाड्यांचा कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आलं. इंजेक्टर किती वेळ उघडा राहिला हे गाडीच्या संगणकाला कळतं, म्हणून किती पेट्रोल गेलं तेही कळतं. कार्बोरेटर कुणाला काही कळवत नाही. त्यामुळे जुन्या गाडीवर मायलेजची ती चौकट रिकामीच राहणार. ज्या आकड्यासाठी माणूस मीटर बदलायला निघाला, बहुतेक वेळा तोच आकडा त्याला मिळत नाही.

परभणीचं हवामानही विसरून चालत नाही. मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो आणि जानेवारीत कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत तो एक आकडी होतो. एलसीडी पडद्यातला द्रव ठराविक तापमानापलीकडे आपली रचना सोडतो आणि आकडे दिसेनासे होतात. भर उन्हात उभ्या गाडीच्या काळ्या प्लॅस्टिकखाली ते तापमान हवेपेक्षा कितीतरी वर जातं. सावलीत आणली की पडदा शुद्धीवर येतो. पण हे रोज झालं की वरची फिल्म जळते आणि मध्ये काळा डाग कायमचा बसतो. शिवाय काळ्या मातीची धूळ आणि ऑगस्टचा पाऊस; सील नीट नसलेल्या मीटरच्या काचेआड आतून वाफ धरते. कंपनीचा मीटर यासाठी तपासून निघतो. प्रिकॉलसारखे कारखाने १९७५ पासून तेवढंच करत आलेत. नाव नसलेल्या पाकिटातल्या मीटरची तपासणी पहिलं गिऱ्हाईकच करतं.

स्प्लेंडरवरचा डिजिटल मीटर ही माझ्या मते बव्हंशी हौस आहे. जुना मीटर बंद असेल तर नवी वायर आणि गरारी टाकून शुल्झचा काटा पुन्हा उठवणं केव्हाही शहाणपणाचं. ट्रॅक्टरचं तसं नाही. तिथे बदल खरोखर पैशांच्या हिशेबात शिरतो.

जुन्या महिंद्रा ५७५ किंवा स्वराज ७३५ वरचा मीटर एकाच तारेवर दोन कामं करायचा: इंजिनाचे फेरे दाखवायचे आणि तास मोजायचे. तास घड्याळाचे नसत. इंजिन ठरलेल्या फेऱ्यांवर चाललं तरच मीटरचा एक तास म्हणजे खरा एक तास. बांधावर ट्रॅक्टर हळू चालू ठेवून जेवायला बसलं तर मीटर त्या वेळेतला काही भागच धरायचा. डिजिटल मीटर तसं करत नाही. इंजिन चालू असलं की त्याचं घड्याळ चालू. त्यामुळे मीटर बदलला की त्याच ट्रॅक्टरचे ‘तास’ एकदम वेगानं वाढू लागतात. ऑइल बदलायची पाळी लवकर येते. ब्लेड मारायला तासावर दिलेल्या ट्रॅक्टरचं बिल वाढतं, आणि शेतमालक म्हणतो, मागच्या वर्षी याच रानाला इतके तास लागले नव्हते. दोघंही खरं बोलत असतात. पाच वर्षांनी ट्रॅक्टर विकायला काढला की ‘किती चालला?’ याचं उत्तर दोन वेगळ्या मापांची बेरीज असते, आणि ती तशीच सांगायला हवी.

फेऱ्यांची गोष्ट आणखी नाजूक. रोटाव्हेटर किंवा मळणी यंत्र चालवायचं तर पीटीओचे, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या मागच्या दांड्याचे, मिनिटाला ५४० फेरे हवेत. ते इंजिनाच्या कितव्या फेऱ्याला मिळतात याची खूण जुन्या तबकडीवर छापलेली असायची. काटा खुणेवर आणला की झालं. डिजिटल मीटरवर नुसता आकडा येतो, खूण डोक्यात ठेवावी लागते. आणि तो आकडा येतो कुठून? बहुधा अल्टरनेटरच्या ‘डब्ल्यू’ पॉइंटवरून. अल्टरनेटरमध्ये चुंबकाच्या सहा जोड्या आणि पुली दुप्पट वेग देणारी असेल, तर इंजिनाच्या १५०० फेऱ्यांना तिथे सेकंदाला ३०० ठोके मिळतात. हे गुणोत्तर मीटरमध्ये भरावं लागतं. पट्टा सैल पडून घसरला की आकडा कमी दाखवतो, चालक रेस वाढवतो आणि पीटीओ ५४० च्या वर जातो. डायनामोवाल्या अगदी जुन्या ट्रॅक्टरला हा पॉइंटच नाही, तिथे वेगळा सेन्सर लावण्याशिवाय इलाज नाही. एवढं सगळं नीट केलं तर मात्र रात्री नांगरट करताना मोठा उजळ आकडा आणि घड्याळाचे तास, हा ट्रॅक्टरवाल्याचा खरा फायदा आहे.

मोटारीच्या बाबतीत थोडक्यात सांगतो: त्याच मॉडेलचा वरच्या दर्जाचा मीटर असेल तरच विचार करावा. बॉशनं १९८६ मध्ये कॅन नावाची पद्धत मांडली (ही दुसरी जर्मनी!), आणि पुढे गाडीतले सगळे छोटे संगणक दोन वायरींवर एकमेकांशी बोलू लागले. मीटर हा त्यांच्यातला एक. दुसऱ्या गाडीचा मीटर आणून लावला की त्याला यांची भाषा कळत नाही आणि एअरबॅगचा दिवा विनाकारण लागून राहतो. किंवा लागायला हवा तेव्हा लागत नाही, ते जास्त वाईट.

आता किलोमीटर. नवीन मीटर शून्यापासून सुरू होतो, किंवा भंगारातून आणला असेल तर दुसऱ्या कुणाच्या आकड्यापासून. डिजिटल मीटरमध्ये तो आकडा एका छोट्या चिपमध्ये असतो आणि चिप पुन्हा लिहिता येते. जुन्या मीटरचे आकडेही लोक मागे फिरवायचेच. फक्त आता दाते मोडल्याची खूण राहत नाही. दोन लाख किलोमीटर चाललेली गाडी चाळीस हजार सांगून विकणं ही फसवणूक आहे आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये ती बसते. म्हणून बदलण्याआधी जुन्या आकड्याचा तारखेसह फोटो काढावा, मिस्त्रीच्या बिलावर दोन्ही आकडे लिहून घ्यावेत आणि जुना मीटर भंगारात न देता घरी ठेवावा. विकताना तो पिशवीतून काढून गिऱ्हाइकासमोर ठेवला तर घासाघीस उलट कमी होते.

मीटर चालू असणं ही हौसेचीच बाब नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम ११७ स्पीडोमीटरबद्दल आहे, आणि काळी-पिवळी किंवा मालवाहू गाडी फिटनेसला नेली की तपासणीच्या यादीत स्पीडोमीटरही असतो. तो किती अचूक हवा, याचा संयुक्त राष्ट्रांचा ३९ क्रमांकाचा नियम मजेशीर आहे. खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवायला मीटरला अजिबात परवानगी नाही. जास्त दाखवायला आहे, खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक ताशी ४ किलोमीटर इतकी.

हे तपासायला यंत्र लागत नाही. सकाळी रहदारी नसताना परभणीहून मानवतच्या दिशेनं ६१ क्रमांकाच्या महामार्गावर निघायचं. मीटरवर ६० धरून ठेवायचं आणि मागे बसलेल्यानं एका किलोमीटरच्या दगडापासून पुढच्या दगडापर्यंत सेकंद मोजायचे. साठ ते सत्तरच्या मध्ये आले तर काम बरोबर झालं. सत्तावन्न आले तर मीटर कमी दाखवतोय. गाडी तशीच वायरिंगवाल्याकडे परत न्यायची आणि चाकाचा घेर पुन्हा टेपनं मोजून घ्यायचा, तोही माणूस गाडीवर बसलेला असताना.