फोटोमागची नावे



तुमच्या घरी पत्र्याची एखादी ट्रंक असेलच. तिच्यात सातबाऱ्याचे जुने उतारे, लग्नपत्रिका, आणि एका फाटक्या पाकिटात घरचे फोटो. दिवाळीच्या झाडलोटीत ते बाहेर निघतात, तासभर सारे घर भोवती जमते, आणि पाकीट पुन्हा ट्रंकेत जाते. यंदा त्यांची वही करू या. वहीच म्हणतो मी. अल्बम म्हटले की दुकान आठवते, आणि या कामाला दुकानाची फारशी गरज नाही.

पहिले काम चिकटवण्याचे नव्हे, विचारण्याचे. घरातले सर्वांत वडीलधारे माणूस असेल त्याच्यापाशी फोटो घेऊन बसा. मी इथेच चुकलो. आधी सुबक वही केली, गव्हाच्या पिठाची खळ लावून फोटो पक्के बसवले, आणि आत्याला सावकाश विचारू म्हटले. आत्या त्याच पावसाळ्यात गेली. आज एका फोटोत नऊवारीतली एक बाई माझ्या आईच्या खांद्यावर हात ठेवून उभी आहे. ती कोण, हे सांगणारे आता कोणी उरले नाही. पाठीवर काही लिहिले असेल तर तेही खळीखाली गेले. आणि त्या खळीपायी वहीला कसर लागली, ते निराळेच.

नाव लिहिताना नुसते ‘आक्का’, ‘माई’ लिहून भागवू नका. एकेका घराण्यात चार आक्का निघतात! लग्नात मुलीचे आडनाव बदले, पुष्कळदा पाळण्यातले नावही बदलत असे. तेव्हा बाईची माहेरची आणि सासरची, दोन्ही नावे लिहा. नाहीतर यमुना आणि सुशीला या दोन बहिणी ठरायच्या, आणि असायची एकच. माणसे पुष्कळ असली तर डावीकडून क्रमाने लिहा. गाव आणि प्रसंगही लिहा.

साल मात्र कोणाला आठवत नाही. मग असे विचारा: हा फोटो कोयनेच्या भूकंपाआधीचा की नंतरचा? तो भूकंप डिसेंबर १९६७ मधला. कोणाला १९७२ चा दुष्काळ आठवेल, पुण्याकडच्यांना १९६१ चा पानशेतचा पूर. मांडीवरचे मूल कोण, आज त्याचे वय काय, यावरूनही हिशेब लागतो. खात्री नसली तर ‘सुमारे’ लिहावे. त्यात कमीपणा नाही.

लिहायचे ते मऊ शिसपेन्सिलीने, पाठीवर, कडेला, हलक्या हाताने. बॉलपेनचा वळ पुढच्या बाजूला उठतो, शाई शेजारच्या फोटोला लागते. रंगीत फोटोंची पाठ बहुधा गुळगुळीत असते, पेन्सिल उमटत नाही. त्यांची नावे वहीत फोटोखाली लिहा.

आता लावायचे कसे? कोणी सालवार लावतात. मला विचाराल तर घरवार लावा: थोरल्या काकांचे घर, धाकट्यांचे, आजोळ. प्रत्येकात पुढे साल. जास्तीच्या प्रती भाऊबंदांना देऊन टाका.

पाने जाड कार्डशीटची घ्या. फोटोला गोंद नको. कागदाचे चार कोपरे दुमडून पानावर चिकटवा आणि फोटो त्यांत अडकवा, म्हणजे हवा तेव्हा काढून पाठ वाचता येते. बाजारात चिकट पानांचे, वर प्लास्टिकचे अल्बम मिळतात. त्यांचा डिंक पुढे पिवळा पडतो आणि फोटो सोडत नाही. भिंतीवरच्या तसबिरीत ओलीने फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नका. काचेसकटच मोबाईलने त्याची नक्कल काढा. कोकणात वही बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नये. पावसाळा सरला की सावलीत वाऱ्यावर उघडून ठेवावी, उन्हात नव्हे. रंगीत फोटो उन्हाने फार लवकर उडतो.

शिक्षकांनी मुलांना शाळेत फोटो आणायला सांगू नये, हरवतात. घरी आजीपाशी बसून एकाच फोटोतली नावे कागदावर उतरवून आणायला सांगावे.

वहीच्या शेवटी दोन पाने न ओळखलेल्या माणसांसाठी ठेवा. लग्नकार्याला जाताना ती बरोबर न्या. पंगत उठल्यावर म्हातारी माणसे मांडवात बसलेली असतात, त्यांच्यापुढे उघडा. माझ्या आईशेजारच्या त्या बाईची नक्कल मी तिथेच लावली आहे. आतापर्यंत तीन लग्नांत दाखवून झाली.