भोपाळचं सोयाबीन, खडकावरचे शिनाणे आणि प्लायवूडचा गम

मंडळी, 1 जून ते 31 जुलै बंदी. बोटी वर ओढल्या की सुताराची वाट बघणं सुरू. केबिनचं कुजलेलं प्लाय काढायचं, नवं ठोकायचं. नवं प्लाय मारून केबिन बंद ठेवली आणि दोन दिवसांनी दार उघडलं तर डोळे चुरचुरतात, नाकात झोंबतं. "नव्याचा वास आहे, जाईल" असं म्हणून आपण सोडून देतो. पण तो वास लाकडाचा नाही, प्लायचे पापुद्रे चिकटवणाऱ्या गमचा आहे.

स्वस्त प्लायमध्ये बहुतेक वेळा युरिया-फॉर्मल्डिहाइडचा गम असतो. त्यातून फॉर्मल्डिहाइड वायू हळूहळू सुटत राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2004 मध्ये हा वायू माणसाला कॅन्सर करणाऱ्यांच्या यादीत टाकला. उष्णता आणि दमटपणा वाढला की तो जास्त सुटतो. आता आपली केबिन आठवा. खाली इंजिनाची धग, चारी बाजूंनी खारा दमटपणा, दार बंद आणि आत खलाशी झोपलेले. घरातल्या कपाटापेक्षा इथे काळजी जास्त घ्यायला हवी.

यावर उपाय म्हणून झाडापासून केलेला गम पुढे येतोय, आणि त्याची कथा आपल्याला जवळची आहे. अमेरिकेत ओरेगन स्टेट विद्यापीठात कायचांग ली नावाचे शास्त्रज्ञ. समुद्रावर गेले असता त्यांनी पाहिलं, लाटा एवढ्या आपटतात तरी शिनाणे खडक सोडत नाहीत. शिनाणे काढताना बोटं सोलून घेतलेल्या आपल्या बायकांना हे कुणी सांगायला नको! ज्या धाग्यांनी शिनाणे धरून बसतात ते प्रथिनांचे असतात. सोयाबीनमध्येही प्रथिनं भरपूर. लींनी सोयाच्या प्रथिनात बदल करून लाकूड चिकटवणारा गम तयार केला. तिथल्या एका मोठ्या प्लायवूड कंपनीने तो वापरात आणला आणि 2007 साली त्याला अमेरिकेचा हरित रसायनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शंभर टक्के झाडाचा म्हणता येणार नाही, कारण पाण्यात टिकावा म्हणून त्यात थोडं कारखान्यातलं राळेसारखं रसायन घालावं लागतं. पण फॉर्मल्डिहाइड घालावं लागत नाही.

आपल्या देशात सोयाबीन म्हटलं की मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र. तेल काढल्यावर उरणाऱ्या पेंडीत जवळजवळ निम्मं प्रथिन असतं. भोपाळात केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्था सोयाबीनच्या प्रक्रियेवर काम करते. त्याच शहरात सीएसआयआरची एम्प्री ही प्रयोगशाळा बांबू आणि शेतातल्या काडीकचऱ्यापासून लाकडासारख्या फळ्या बनवते. पेंड आणि फळी, दोन्हीची जाणकार माणसं एका गावात. सोयाचा गम आपल्याकडे व्हायचा तर याहून बरी जागा कुठली?

भोपाळचं नाव घेतलं की दुसरी गोष्टही आठवतेच. 2 डिसेंबर 1984 ची रात्र. युनियन कार्बाइडच्या टाकीतून सुटला तो वायू मिथाइल आयसोसायनेट. हे सांगायचं कारण असं की "फॉर्मल्डिहाइड-मुक्त" म्हणून विकल्या जाणाऱ्या काही बोर्डांत एमडीआय वापरतात, आणि तेही आयसोसायनेटच्याच घराण्यातलं. भोपाळच्या वायूइतकं जहाल नाही, ते सहज उडून जात नाही आणि एकदा सुकलं की बोर्डात बांधलं जातं. धोका असतो तो ओलं असताना हाताळणाऱ्याला. श्वासात गेलं तर दमा जडतो आणि एकदा जडला की पुढे थोड्याशानेही उबळ येते.

आता बोलू पफबद्दल, कारण ते आपल्याच बोटीत आहे. बर्फाच्या कप्प्याला पफ भरताना जी दोन द्रव्यं मिसळतात, त्यातलं एक एमडीआयच. ते ओततात कुठे, तर वारा नसलेल्या कप्प्यात उतरून, तोंडाला फडकं बांधून. फडक्याने वायू अडत नाही. झाकणं सगळी उघडी ठेवा, पंख्याने हवा खेळवा, रसायनांसाठीचा मास्क आणि हातमोजे कारागिराकडे नसतील तर नाखवाने आणून द्यावेत. ज्याला आधीच दमा आहे त्याला आत उतरवू नका.

आपल्या लोकांना झाडाचा चीक-तेल नवं नाही. सुती जाळी सालींच्या काढ्यात बुडवायची, होडीला काजूच्या टरफलाचं तेल लावायचं. त्याच तेलातला कार्डानॉल आणि सालीतलं टॅनिन आज प्लायच्या गममध्ये फिनॉलच्या जागी थोडंफार घालतात. त्यामुळे काजूवाल्या कोकणाचाही यात वाटा होऊ शकतो.

पण सोयाचा गम पाण्याखाली चालणार नाही. बोटीच्या अंगाला, पाणी लागेल तिथे आयएस 710 छापाचं मरीन प्लायच घ्या. त्यातला फिनॉलचा गम 72 तास उकळूनही सुटत नाही आणि त्यातून फॉर्मल्डिहाइड फारच कमी सुटतो. परवडत असेल तर झोपायच्या जागेलाही तेच वापरा. दुकानदार नुसतं "वॉटरप्रूफ आहे" म्हणाला तर फळीवरचा छाप दाखवायला सांगा. एमआर लिहिलेलं असेल तर ते फक्त दमटपणा सोसणारं आहे. नवं प्लाय ठोकल्यावर बंदी उठेपर्यंत केबिनचं दार-खिडकी दिवसा उघडी राहू द्या, पावसाची झड आत येणार नाही एवढी ताडपत्री मात्र बांधा.